सयाजीराव महाराज आणि गावचे वाचनालय

धम्मदीक्षेनंतर आपल्या अनेक वस्त्यांनी पोटाला चिमटा घेऊन बुद्धविहार बांधला आणि विहाराच्या कोपऱ्यात पुस्तकांचे एक कपाट ठेवले. काही ठिकाणी ते कपाट रोज उघडते. काही ठिकाणी किल्ली कोणाकडे आहे हेच कोणाला सांगता येत नाही. आपल्या वस्तीत यांपैकी काय घडते ते आपणच जाणता. आज आपणास एका राजाची हकीगत सांगावयाची आहे. असे कपाट प्रत्येक खेड्यात असावे आणि ते उघडे राहावे म्हणून त्याने राज्याची तिजोरी मोकळी केली. हा राजा म्हणजे बडोद्याचे श्रीमंत सयाजीराव गायकवाड. बाबासाहेबांच्या शिष्यवृत्तीमुळे त्यांचे नाव आपल्या घरोघर माहीत आहे. परंतु शिष्यवृत्ती हा त्यांच्या कार्याचा एक धागा झाला. सबंध वस्त्र फार मोठे आहे.

सयाजीरावांचा जन्म १८६३ च्या मार्च महिन्यात नाशिक जिल्ह्यातील मालेगाव तालुक्यात कवळाणे या खेड्यात झाला. नाव गोपाळ. घर शेतकऱ्याचे. गायकवाडांच्या एका दूरच्या शाखेचे रक्त अंगात होते, पण त्या रक्ताने घरात पाटीपुस्तक आणले नव्हते. बाराव्या वर्षापर्यंत या मुलाला अक्षरओळख नव्हती. बडोद्याच्या मल्हारराव गायकवाडांना इंग्रज सरकारने पदच्युत केले, आणि राणी जमनाबाईंनी दत्तक घेण्यासाठी मुलगा शोधला. २७ मे १८७५ रोजी कवळाण्याचा गोपाळ दत्तक गेला आणि बडोद्याच्या गादीवर सयाजीराव म्हणून बसला. आदल्या महिन्यापर्यंत खेड्यात हिंडणारा मुलगा आता इलियट नावाच्या इंग्रज शिक्षकापुढे बसून मुळाक्षरे गिरवू लागला. मराठी, गुजराती, उर्दू, इंग्रजी अशा चार भाषा त्याच्यासमोर एकदमच येऊन पडल्या.

वाचकहो, हे नीट ध्यानात घ्या. बारा वर्षांच्या मुलाला पहिले अक्षर शिकताना काय कष्ट होतात हे ज्याने स्वतः भोगले आहे, त्याला अज्ञान हा दैवाचा लेख वाटत नाही. ते दूर करता येते हे त्याला अनुभवाने ठाऊक असते. राजवाड्यात जन्मलेल्या राजपुत्राला हे इतके उमगले असते असे आम्हांस वाटत नाही.

२८ डिसेंबर १८८१ रोजी त्यांच्या हाती राज्याचा पूर्ण अधिकार आला, आणि लवकरच अस्पृश्यांच्या मुलांसाठी सरकारी शाळा निघाल्या. पुस्तके व पाट्या फुकट दिल्या. तरी अडचण आलीच. सवर्ण शिक्षक त्या शाळांत शिकवावयास तयार होईनात, म्हणून मुसलमान शिक्षक नेमावे लागले. पुढे आर्यसमाजाचे पंडित आत्माराम यांच्याकडे या शाळांची व वसतिगृहांची देखरेख सोपविण्यात आली. राजाने हुकूम काढावा आणि त्याच्याच पगारी नोकराने तो उंबऱ्यावर अडवून धरावा, ही गोष्ट येथे प्रथम दिसते. ती पुढे पुन्हा येणार आहे.

१८९३ मध्ये महाराजांनी अमरेली भागातील काही गावांत प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. १९०६ मध्ये तोच कायदा सबंध संस्थानाला लागू केला. इंग्रजी मुलखात असाच कायदा व्हावा म्हणून गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ साली विधेयक मांडले, ते पुढच्याच वर्षी नामंजूर झाले. जे साम्राज्य सरकारला झेपले नाही ते एका संस्थानिकाने आधीच करून दाखविले होते.

पण शाळा काढून महाराजांचे समाधान झाले नाही. मूल चार इयत्ता शिकते, मग शेतावर किंवा मागावर जाते, आणि घरात छापील कागदाचा कपटाही नसल्याने पाचसहा वर्षांत शिकलेले अक्षर विसरते. सरकारचा पैसा वाया जातो, मुलाचे कष्टही वाया जातात. शाळेने पेरलेले टिकावयाचे तर गावातच वाचावयास काही हवे. ही साधी गोष्ट आहे. पण ती सरकारी खर्चाने करावयाची असते हे तेव्हा आपल्या देशात कोणाला सुचले नव्हते. जी काही वाचनालये होती ती शहरात, वर्गणी भरणाऱ्यांसाठी, म्हणजे वकील, कारकून, सावकार यांच्यासाठी.

महाराज अमेरिकेत गेले तेव्हा तेथील गावोगावची मोफत वाचनालये त्यांनी पाहिली. १९१० मध्ये विल्यम बॉर्डन नावाचे अनुभवी ग्रंथपाल त्यांनी तिकडून बडोद्यास आणले. हे गृहस्थ कोलंबिया विद्यापीठात निघालेल्या ग्रंथपालांच्या शाळेत शिकवीत असत. याच कोलंबिया विद्यापीठात तीन वर्षांनी आपले बाबासाहेब जावयाचे होते! बॉर्डन १९१३ पर्यंत राहिले. तेवढ्या काळात वाचनालयांचे स्वतंत्र सरकारी खाते उभे राहिले, बडोदे शहरात मध्यवर्ती ग्रंथालय सुरू झाले, ग्रंथपाल तयार करणारा वर्ग निघाला. महाराजांनी राजवाड्यातील आपला हजारो पुस्तकांचा खासगी संग्रह लोकांसाठी देऊन टाकला. स्त्रियांसाठी व मुलांसाठी वेगळे विभाग निघाले. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी चित्रे व चलच्चित्रे दाखविणारी शाखा निघाली. या सर्वांत गोऱ्या तज्ज्ञाचे श्रेय आहेच. परंतु बॉर्डन येण्यापूर्वीच मोतीभाई अमीन नावाच्या एका शिक्षकाने मित्रमंडळे काढून गुजरातच्या खेड्यांत छोटी वाचनालये सुरू केली होती, आणि खेड्यांचा विभाग पुढे त्यांच्याकडेच आला, हे विसरता कामा नये.

आता खेड्यातील वाचनालय कसे चाले ते पाहा. गावाने वर्षाला २५ रुपये जमवावयाचे. तेवढेच २५ रुपये पंचायतीने घालावयाचे आणि २५ सरकारने. इमारत बांधावयाची तरी हाच हिशेब: एक वाटा गावाचा, एक पंचायतीचा, एक सरकारचा. महाराजांना सगळेच पैसे देता आले नसते काय? आले असते. पण फुकट आलेल्या कपाटाची किल्ली हरवते. ज्या पुस्तकात आपली पै गेली आहे ते कोणाकडे आहे, परत आले की नाही, याची चौकशी माणूस करतो. त्या काळी २५ रुपये लहान गावाला काही थोडे नव्हते, तरी शेकडो गावांनी ते जमविले.

ज्या गावाला तेवढेही जमत नसे त्याच्यासाठी फिरती पेटी होती. लाकडाची मजबूत पेटी, आत पंधरा ते तीस पुस्तके. मागणी आली की पेटी आगगाडीने निघे. जाण्यायेण्याचे भाडे खाते भरी, वाचणाऱ्याकडून काही घेत नसत. एका गावाची वाचून झाली की पेटी परत जाई आणि दुसरीकडे निघे. आगगाडीने राजेरजवाडे आले, साहेब आले, सारा वसूल करणारे आले. खेड्यातील माणसासाठी पुस्तके आली ती बहुधा पहिल्यांदाच!

मग आणखी एक अडचण पुढे आली. पेटीत घालावयाचे काय? इंग्रजी पुस्तके पुष्कळ होती, पण गुजराती-मराठीत सामान्य माणसाला उपयोगी पडेल असे फार थोडे होते. म्हणून महाराजांनी ग्रंथ लिहवून घेण्यास द्रव्य दिले, भाषांतरे करविली. १९१२ मध्ये या कामासाठी दोन लाख रुपयांचा निधी वेगळा काढला. बडोद्याच्या ग्रंथमालांचा आपल्या धम्माशी फार जवळचा संबंध आहे, तो आता सांगतो.

मुंबईत चर्नी रोडच्या बागेत शाळा सुटल्यावर एक मुलगा पुस्तक वाचीत बसे. विल्सन हायस्कूलचे कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजीही तेथे येत. त्यांनी मुलाची चौकशी केली आणि त्याला पुस्तके देऊ लागले. हा मुलगा भीमराव. १९०७ मध्ये तो मॅट्रिक झाला तेव्हा त्याच्या गौरवासाठी सभा भरली. त्या सभेत केळुसकरांनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र त्याला भेट दिले. हे चरित्र केळुसकरांनी बडोद्याच्या सयाजीराव ग्रंथमालेसाठी लिहिले होते, असे बाबासाहेबांनीच नमूद करून ठेवले आहे. त्या वाचनाने बुद्धाकडे आपले मन कसे वळले तेही त्यांनी सांगितले आहे. म्हणजे १९५६ साली नागपूरला जे घडले त्याचे एक बीज बडोद्याच्या ग्रंथमालेतून आलेल्या एका मराठी पुस्तकात होते. गोव्याचे धर्मानंद कोसंबी कलकत्त्याची नोकरी सोडून महाराष्ट्रात आले तेही महाराजांनी दरमहा ५० रुपये देऊ केले म्हणून. कोसंबींची बडोद्यास व्याख्याने झाली आणि १९१० मध्ये ती ‘बुद्ध, धर्म आणि संघ’ या नावाने पुस्तकरूपाने निघाली. आपल्यापैकी किती जणांच्या घरी ते छोटे पुस्तक असेल!

केळुसकरांच्या खटपटीने महाराजांनी भीमरावांना कॉलेजसाठी दरमहा २५ रुपये दिले. खेड्याच्या वाचनालयाचा सरकारी वाटा वर्षाला तेवढा होता, हे जाता जाता ध्यानात येते. पुढे १९१३ ते १९१६ अशी अमेरिकेची शिष्यवृत्ती मिळाली. अट ही की परत आल्यावर दहा वर्षे बडोद्याची नोकरी करावयाची. १९१७ मध्ये लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून बाबासाहेब परतले. त्यांचे सामान वेगळ्या बोटीने येत होते, ती बोट युद्धात बुडाली आणि त्यांची पुस्तके समुद्राच्या तळाशी गेली. सामानाची जी भरपाई मिळाली तीतून बडोद्याच्या प्रवासाचा खर्च निघाला.

बडोद्यात काय झाले ते आपण जाणता. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या माणसाच्या टेबलावर शिपाई दुरून फायली फेकीत. कचेरीत प्यावयास पाणी मिळेना. शहरात बिऱ्हाड मिळेना, म्हणून पारशांच्या धर्मशाळेत नाव बदलून राहावे लागले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या जमावाने तेथूनही बाहेर काढले. कामाटी बागेत झाडाखाली बसून त्यांनी ते तास काढले आणि रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली.

हे त्याच शहरात घडले जेथे मोफत ग्रंथालय होते, जेथून पुस्तकांच्या पेट्या गावोगाव जात होत्या. आम्ही महाराजांचा उपकार कमी लेखीत नाही. पण पुस्तक सर्वांसाठी आहे एवढे सरकारी दप्तरात लिहून भागत नाही. पुस्तक ठेवलेल्या ओट्यावर कोणाला चढू देतात हाही प्रश्न असतो. ज्या राज्यात अस्पृश्यांच्या मुलांची शाळाच वेगळी भरवावी लागली, तेथे वाचनालयाच्या दारात आपल्या माणसाने किती धीर एकवटून पाऊल ठेवले असेल याचा विचार तुम्हीच करा. राजाचा हुकूम उंबऱ्यापर्यंत पोहोचे. उंबऱ्याच्या आत गावाचे राज्य असे. महाराजांनाही हे कळत नव्हते असे नाही. १९१८ च्या मार्चमध्ये विठ्ठल रामजी शिंद्यांनी मुंबईस अस्पृश्यतानिवारण परिषद भरविली तिचे अध्यक्षपद त्यांनी घेतले होते. पण आपल्याच कचेरीतील शिपायाचे मन त्यांना बदलता आले नाही.

बाबासाहेबांनी यातून काय घेतले ते त्यांच्या पुढील कामात दिसते. १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. तिच्या उद्देशांत वसतिगृहांबरोबर वाचनालये आणि अभ्यासवर्ग काढणे हे स्पष्ट लिहिलेले होते, आणि मुंबईत सभेने मोफत वाचनालय चालविलेही. अजून महाडचा सत्याग्रह व्हावयाचा होता. पाण्याच्या आधी पुस्तकाची सोय झाली, आणि तीही कोणाच्या ओट्यावर न जाता.

महाराजांचे शेवटचे दिवस पुष्कळसे परदेशात आणि आजारपणात गेले. त्यांवर इंग्रज सरकारची वक्र दृष्टीही होती, ती एक निराळीच कथा आहे. वाचनालयांचे काम मात्र थांबले नाही. १९३१ मध्ये मांडवीजवळ मध्यवर्ती ग्रंथालयाची नवी इमारत झाली. आत लोखंडी कप्पे आणि काचेच्या जमिनी, की वरचा उजेड खालच्या मजल्यावरील पुस्तकांवर पडावा. १९३२ मध्ये कोल्हापूरच्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. ज्याला बाराव्या वर्षापर्यंत मराठी अक्षर माहीत नव्हते, तो मराठी साहित्यिकांच्या मेळ्यात अध्यक्षाच्या खुर्चीवर बसला.

६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबईत सयाजीराव महाराजांचे निधन झाले. त्या वेळी याच मुंबईत, दादरच्या हिंदू कॉलनीत, त्यांच्या शिष्यवृत्तीवर शिकलेल्या विद्यार्थ्याचे राजगृह उभे होते. ते बाबासाहेबांनी आपल्या पुस्तकांसाठी म्हणून बांधून घेतले होते, आणि तेथे शिपायाच्या हातून पुस्तक घेण्याची त्यांना गरज नव्हती.