ताराबाई मोडक

लहान मुले सांभाळण्याचे काम कोणालाही करता येते, त्यासाठी निराळे शिक्षण कशाला हवे, अशी समजूत शंभर वर्षांपूर्वी आपल्या समाजात सर्वत्र रूढ होती. मूल आजीने किंवा थोरल्या बहिणीने कडेवर खेळवावे आणि शाळेत जाऊ लागले की पंतोजींच्या छडीच्या धाकात ठेवावे, असा रिवाज होता. ही समजूत बदलण्यासाठी ज्यांनी आपले आयुष्य वेचले, त्यांत ताराबाई मोडक यांचे नाव अग्रभागी आहे.

ताराबाईंचा जन्म १८९२ साली मुंबईस झाला. त्यांचे वडील सदाशिव पांडुरंग केळकर हे प्रार्थना समाजाचे कार्यकर्ते होते. त्यामुळे मुलींनी शिकावे की शिकू नये, हा प्रश्न त्या घरात कधी निर्माणच झाला नाही. १९१४ साली ताराबाई बी. ए. झाल्या. विवाहानंतर काही वर्षे त्यांचे वास्तव्य अमरावतीस होते. पुढे राजकोट येथील बार्टन स्त्री अध्यापन महाविद्यालयाच्या त्या प्राचार्या झाल्या. त्या काळी भारतीय स्त्रीला असे पद मिळणे ही लहानसहान गोष्ट नव्हती.

तथापि त्यांचे मन त्या पदावर रमले नाही. भावनगर येथे गिजुभाई बधेका नावाच्या गृहस्थांनी वकिली सोडून १९२० साली एक बालमंदिर काढले होते. तेथे छडी नव्हती, तशीच बक्षिसेही नव्हती. मुले आपापल्या आवडीचे काम करीत आणि त्यातून शिकत. ताराबाईंनी मानाची व पगाराची जागा सोडली आणि त्या भावनगरला गेल्या. प्राचार्यपद भूषविलेल्या स्त्रीने पुन्हा लहान मुलांमध्ये जमिनीवर बसून शिकावे, हे पुष्कळांना विचित्र वाटले असेल. पण ताराबाईंना त्यात कमीपणा वाटला नाही.

तेथे गिजुभाई व ताराबाई यांनी शिक्षक घडविण्याचेही कार्य चालविले. मुलांना शिकवू इच्छिणाऱ्याने प्रथम त्यांच्याकडे पाहावयास शिकले पाहिजे, हे त्या शिक्षणाचे मर्म होते. मूल कशात रमते, कोठे अडते, केव्हा त्याला मदत करावी आणि केव्हा आपण दूर राहावे, हे सारे ओळखावे लागे. मारण्याची व दटावण्याची जुनी सवय तर मुळापासून सोडावी लागे. नवे शिकण्यापेक्षा हे सोडणेच अधिक कठीण असते, हे कोणत्याही शिक्षकाला पटेल. १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना झाली. १९३६ साली ताराबाईंनी मुंबईत दादर येथे शिशुविहार ही संस्था उभी केली. तेथे बालमंदिराबरोबर शिक्षकांचे अध्यापन मंदिरही चालू लागले.

शहरातील या कार्याला चांगले यश आले होते. परंतु खेड्यातील गरीब मुलांचे काय, हा प्रश्न ताराबाईंच्या मनातून जाईना. १९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, समुद्रकाठच्या बोर्डी या गावी त्यांनी नव्याने आरंभ केला. हे गाव त्या वेळी ठाणे जिल्ह्यात होते. आता ते पालघर जिल्ह्यात आहे. अनुताई वाघ ही तरुण शिक्षिका तेथे त्यांना येऊन मिळाली. बालवाडी सुरू झाली, पण ज्यांच्यासाठी हा खटाटोप केला, ती गरीब वस्त्यांतील मुले तिकडे फिरकेनात. तेव्हा ताराबाईंनी मुलांना किंवा त्यांच्या आईबापांना दोष दिला नाही. त्या व अनुताई वस्तीतच गेल्या आणि घरापुढच्या अंगणात मुले जमवू लागल्या. आधी मुलांना स्वच्छ करावे आणि मग गाणी, गोष्टी व खेळ घ्यावेत, असा क्रम असे. महागड्या साधनांऐवजी खडे, शिंपले, पाने आणि बिया यांच्यावर काम भागे. अंगणात भरणारी म्हणून तिला अंगणवाडी हे नाव मिळाले.

१९५७ साली हे कार्य जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथील वस्ती वारली आदिवासींची होती. तेथे निराळीच अडचण उभी राहिली. शाळेच्या वयाचा मुलगा दिवसभर गुरांमागे जाई आणि मुलीच्या कडेवर धाकटे भावंड असे. घरी पोट भरण्याचीच भ्रांत असताना मुलांनी ही कामे टाकावीत, असे कोणी कसे म्हणावे? ताराबाईंनी पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच आवारात आणल्या आणि तिला विकासवाडी असे नाव दिले. धाकट्याला पाळणाघरात ठेवून बहीण शेजारच्या वर्गात बसू लागली. पण गुरे काही वर्गात येणार नव्हती! म्हणून शाळाच कुरणात गेली. गुरे चरत असताना झाडाखाली पाठ चाले. ही कुरणशाळा चालविणाऱ्या शिक्षकाला फळा नव्हता, घंटा नव्हती. एखादे जनावर भलतीकडे निघाले, तर विद्यार्थी पाठ सोडून धावणारच! ते परत येईपर्यंत थांबण्याची तयारी त्याला ठेवावी लागे. भावनगरच्या अध्यापन मंदिरात जे शिकविले होते, त्याची खरी परीक्षा येथे झाली.

१९६२ साली भारत सरकारने ताराबाईंना पद्मभूषण हा किताब दिला. १९७३ साली त्यांचे निधन झाले. त्यानंतर कोसबाडचे काम अनुताईंनी पुढे चालविले. १९७५ साली लहान मुलांचे पोषण व शिक्षण यांसाठी सरकारने देशभर योजना सुरू केली, तेव्हा तिच्या केंद्रांनाही अंगणवाडी हेच नाव देण्यात आले.