विश्लेषण : नागपूरने सलग दोनदा अपक्ष खासदार का निवडला? बापूजी अणे यांच्या विजयाने काय साधले?

नागपूर लोकसभा मतदारसंघ म्हटले की आज काँग्रेस आणि भाजप यांच्यातील लढत डोळ्यांसमोर येते. मात्र १९५९ ची पोटनिवडणूक आणि १९६२ ची सार्वत्रिक निवडणूक, अशा सलग दोन वेळा येथील मतदारांनी एका अपक्षाला दिल्लीत पाठवले होते. ते होते लोकनायक माधव श्रीहरी उर्फ बापूजी अणे. पहिल्या विजयावेळी ते ऐंशीच्या उंबरठ्यावर होते. एका राज्याचे राज्यपालपदही त्यांनी भूषवले होते. तरीही या वयात ते निवडणुकीत उतरले, ते स्वतंत्र विदर्भ राज्याच्या मागणीसाठी.

कोण होते बापूजी अणे?

अणे यांचा जन्म २९ ऑगस्ट १८८० रोजी यवतमाळ जिल्ह्यातील वणी येथे झाला. नागपूरच्या मॉरिस कॉलेजमधून पदवी घेतल्यावर त्यांनी काही काळ अमरावतीत शिक्षकी केली. पुढे कायद्याचे शिक्षण घेऊन यवतमाळमध्ये वकिली सुरू केली. राजकारणात ते लोकमान्य टिळकांचे अनुयायी होते. विदर्भ प्रांतिक काँग्रेसचे अध्यक्षपद त्यांनी अनेक वर्षे सांभाळले. १९२८ च्या नेहरू अहवालावर स्वाक्षरी करणाऱ्यांत त्यांचा समावेश होता. जुलै १९३० मध्ये पुसद येथे राखीव जंगलातील गवत कापून त्यांनी जंगल सत्याग्रह केला आणि अटक पत्करली. १९३३ मध्ये ते काँग्रेसचे प्रभारी अध्यक्ष होते.

काँग्रेसशी मतभेद कशामुळे?

टिळकांच्या प्रतियोगी सहकारितेच्या धोरणावर अणे यांचा विश्वास होता. कायदेमंडळांवर सरसकट बहिष्कार टाकण्यापेक्षा आत जाऊन लढावे, असे त्यांचे मत होते. केंद्रीय कायदेमंडळात ते अनेक वर्षे सदस्य होते. ब्रिटिशांच्या जातीय निवाड्याबाबत काँग्रेसने घेतलेली तटस्थ भूमिका त्यांना मान्य नव्हती. त्यामुळे १९३४ मध्ये पंडित मदनमोहन मालवीय यांच्यासोबत त्यांनी काँग्रेस नॅशनॅलिस्ट पक्ष काढला. गांधीजींविषयी आदर कायम ठेवून पटले नाही तेथे वेगळी वाट धरायची, हा त्यांचा स्वभाव पुढेही दिसत राहिला.

व्हाइसरॉयच्या मंडळातील काळ अडचणीचा का ठरला?

१९४१ मध्ये अणे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले. वर्षभरातच छोडो भारत आंदोलन सुरू झाले. ऑगस्ट १९४२ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील चिमूर येथे उठाव झाला आणि त्यानंतर तेथील लोकांवर, विशेषतः महिलांवर, अत्याचार झाल्याच्या तक्रारी आल्या. प्रा. जयकृष्ण भन्साळी यांनी चौकशीची मागणी घेऊन थेट दिल्लीत अणे यांचे निवासस्थान गाठले आणि तेथेच उपोषण सुरू केले. आपल्याच भागातील लोकांचा आक्रोश दारात आला असताना अणे सरकारच्या बाजूला बसलेले होते. ही टोचणी त्यांच्या चरित्रातून वगळता येत नाही. फेब्रुवारी १९४३ मध्ये गांधीजींच्या उपोषणाच्या प्रश्नावर त्यांनी होमी मोदी आणि नलिनीरंजन सरकार यांच्यासह राजीनामा दिला. नंतर ते सिलोनमध्ये भारताचे प्रतिनिधी होते आणि १९४८ ते १९५२ या काळात बिहारचे राज्यपाल.

विदर्भाचा प्रश्न निवडणुकीत कसा आला?

नागपूर ही मध्य प्रांताची आणि नंतर जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होती. भाषावार प्रांतरचनेची चर्चा सुरू झाल्यावर अणे आणि ब्रिजलाल बियाणी यांनी राज्य पुनर्रचना आयोगापुढे विदर्भ राज्याची बाजू मांडली. फाजल अली यांच्या अध्यक्षतेखालील या आयोगाने १९५५ मध्ये ८ मराठी भाषक जिल्ह्यांच्या स्वतंत्र विदर्भाची शिफारसही केली. ती स्वीकारली गेली नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात गेला आणि नागपूरचे राजधानीपद संपले. सचिवालय, नोकऱ्या आणि त्यांवर चालणारे व्यवहार यांना धक्का बसला. त्यामुळे हा प्रश्न नागपूरकरांसाठी केवळ अस्मितेचा राहिला नाही.

१९५९ आणि १९६२ च्या विजयांत फरक काय?

१९५२ आणि १९५७ मध्ये नागपुरातून काँग्रेसच्या अनसूयाबाई काळे निवडून आल्या होत्या. आष्टी-चिमूर प्रकरणात फाशीची शिक्षा झालेल्यांना वाचवण्यासाठी त्यांनी मोठी धडपड केली होती. १९५८ मध्ये त्यांचे निधन झाले आणि जागा रिकामी झाली. १९५९ च्या पोटनिवडणुकीत अणे विजयी झाले. तेव्हा द्विभाषिक राज्य टिकणार की मोडणार, हे ठरायचे होते. म्हणजे तो कौल निर्णयाआधीचा होता.

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले आणि विदर्भ त्यात सामील झाला. त्यानंतर दोन वर्षांनी, १९६२ मध्ये, नागपूरने पुन्हा अणे यांनाच निवडले. राज्यभर काँग्रेसचा दबदबा होता. महाराष्ट्रातील ४४ पैकी ४१ जागा त्या पक्षाला मिळाल्या. अशा वेळी हा दुसरा कौल, निर्णय झाल्यानंतरही नाराजी संपलेली नाही, हे सांगणारा होता.

मग राज्य का मिळाले नाही?

राज्यघटनेच्या अनुच्छेद ३ नुसार नवे राज्य निर्माण करण्याचा अधिकार संसदेचा आहे. त्यासाठीचे विधेयक राष्ट्रपतींच्या शिफारशीनेच मांडता येते. म्हणजे केंद्र सरकारची इच्छा नसेल तर विषय पुढे सरकत नाही. अपक्ष खासदार प्रश्न मांडू शकतो, बहुमत आणू शकत नाही. नागपूरच्या मतदारांनी आपले म्हणणे दोनदा नोंदवले, पण ते अमलात आणण्याची ताकद त्या एका जागेत नव्हती. दुसरीकडे, नागपूर करारानुसार विधिमंडळाचे एक अधिवेशन नागपुरात भरू लागले.

त्यानंतर मतदारसंघ कोणत्या दिशेने गेला?

१९६७ मध्ये काँग्रेसचे नरेंद्र देवघरे विजयी झाले आणि अणे यांचे पर्व संपले. २६ जानेवारी १९६८ रोजी त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी त्यांना पद्मविभूषण जाहीर झाले होते. टिळकांवरील त्यांच्या संस्कृत महाकाव्याला, ‘श्रीतिलकयशोऽर्णवः’ला, १९७३ मध्ये मरणोत्तर साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

विदर्भाचा मुद्दा १९७१ मध्ये पुन्हा उसळला आणि फॉरवर्ड ब्लॉकचे जांबुवंतराव धोटे निवडून आले. तेच धोटे १९८० मध्ये इंदिरा काँग्रेसचे उमेदवार म्हणून जिंकले. १९७१ नंतर येथून काँग्रेस किंवा भाजप वगळता अन्य पक्षाचा अथवा अपक्ष खासदार झालेला नाही. मागणी मात्र विरली नाही. मार्च २०१६ मध्ये स्वतंत्र मराठवाड्याविषयीच्या वक्तव्यावरून वाद झाल्यानंतर महाराष्ट्राच्या महाधिवक्तापदाचा राजीनामा देणारे, विदर्भ राज्याचे समर्थक श्रीहरी अणे हे बापूजींचे नातू. आजोबांनी स्वतंत्र राज्याच्या प्रश्नावर दोनदा मते मागितली, तशाच प्रश्नावरील वक्तव्यामुळे नातवाला अर्धशतकानंतर पद सोडावे लागले.