मीठ, पाणी आणि डॉ. शांतिस्वरूप भटनागर

काशीयात्रेला गेलेली मराठी माणसे अहिल्याबाई घाटावर आवर्जून थांबतात आणि तांब्यात गंगाजल भरून घेतात. त्या तांब्यात एक लिटर पाणी असेल, तर त्यात मीठ किती विरघळेल? खोलीच्या तापमानाला १०० ग्रॅम पाण्यात सुमारे ३६ ग्रॅम मीठ विरघळते. म्हणजे लिटरभर पाण्यात सुमारे ३६० ग्रॅम. त्यानंतर टाकलेली चिमूट तळाशीच राहते. द्रावण संपृक्त झाले, असे आपण म्हणतो.

छात्र मित्रांनो, वर्गात सोपे वाटणारे हे गणित जमिनीखाली किती महागात पडते, हे ज्यांनी पाहिले त्यांची ही ओळख. या घाटापासून प्रवाहाच्या उलट दिशेने, अस्सी घाटाच्याही पुढे, काशी हिंदू विश्वविद्यालय आहे. १९२१ मध्ये लंडनची डॉक्टरेट घेऊन आलेले शांतिस्वरूप भटनागर तिथे रसायनशास्त्राचे प्राध्यापक झाले. विश्वविद्यालयाचे कुलगीतही त्यांचेच.

त्यांचा जन्म २१ फेब्रुवारी १८९४ रोजी झेलम नदीकाठच्या भेरा गावी झाला. आठ महिन्यांचे असतानाच वडील वारले. इंजिनिअर असलेल्या आजोबांच्या घरी, म्हणजे आजोळी ते वाढले आणि यंत्रांची गोडी त्यांना तिथेच लागली.

काशीत तीन वर्षे काढून १९२४ मध्ये ते लाहोरला गेले. तिथे रावळपिंडीची एक तेल कंपनी अडचण घेऊन आली. तेलविहीर खणताना छिद्रात पातळ चिखल सोडतात. तो पात थंड ठेवतो आणि दगडाचा चुरा वर आणतो. खाली मिठाचा थर लागला की हा चिखल घट्ट होई आणि काम ठप्प पडे. पाणी आपल्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शाहून अधिक मीठ सामावून घेते, आणि चिखल बिघडायला त्याहून फार कमी पुरते. मातीच्या कणांवर ऋण विद्युतभार असतो, म्हणून ते एकमेकांपासून दूर राहतात. विरघळलेल्या मिठाचे आयन हा भार झाकतात आणि कण गोळा होतात. यंत्र मोठे करून हा प्रश्न सुटणारा नव्हता. भटनागरांनी चिखलात एक भारतीय डिंक मिसळला. चिखल पातळ राहिला, खोदकाम चालू झाले.

खूश झालेल्या कंपनीने संशोधनासाठी दीड लाख रुपये देऊ केले. त्या काळी ही रक्कम फार मोठी होती. भटनागरांनी ती विद्यापीठामार्फत घेतली आणि तिच्यातून पेट्रोलियम संशोधनाचा विभाग उभा राहिला. स्वतःचा लाभ मात्र त्यांनी नाकारला.

१९४२ मध्ये स्थापन झालेल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेची धुरा त्यांनी वाहिली. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५० मध्ये सुरू झाली, तर मिठावर संशोधन करणारी भावनगरची संस्था १९५४ मध्ये. १ जानेवारी १९५५ रोजी त्यांचे निधन झाले. आज त्यांच्या नावाचा पुरस्कार मिळणे हा भारतीय शास्त्रज्ञांना मोठा मान वाटतो.

प्रयोगशाळेत पुढच्या वेळी ३६ ग्रॅम मीठ तोलाल, तेव्हा तराजूचा काटा नीट पाहा. उत्तर बरोबर आले की त्याचा उपयोग कोणासाठी करायचा, हेही ठरवावे लागते. भटनागरांनी ते ठरवले होते.