माशा बांधणारा गॉर्डन

मित्रांनो (आणि चुकून हे पान उघडलेल्या सर-मॅडमनो), माशा मारणे हा आपल्या हॉस्टेलवरचा सर्वात लोकप्रिय इलेक्टिव्ह आहे. त्याला सबमिशन नाही, व्हायवा नाही आणि अटेंडन्स शंभर टक्के! पण माशा बांधणे हा उद्योग कधी ऐकलाय का? एका माणसाने आयुष्यभर माशा बांधल्या आणि त्याच्यामागे शंभरावर वर्षं लोटली तरी लोक त्याचं नाव काढतात. आज त्या माणसाची, थिओडोर गॉर्डनची, गोष्ट सांगतो.

मी बोईसरचा. आमच्या भागात मासे या विषयावर कोणी कुणाला शिकवायला जाऊ नये. सातपाटीच्या पापलेटबद्दल मी काय लिहिणार? आणि आतल्या गावांत पहिला पाऊस पडला की वलगणीचे मासे धरायला लहानथोर ओढ्यात उतरतात. पण जाळं सोडून नुसता गळ टाकून बसणारेही असतात. काठी, दोरा, गळ आणि गळाला गांडूळ. एवढं सामान आणि भरपूर वेळ.

आता समजा, गांडूळ लावायचं नाही. त्याऐवजी गळावर दोऱ्याने पिसं, केस, लव असं काहीबाही गुंडाळून हुबेहूब किडा तयार करायचा आणि तो पाण्यावर अलगद टाकायचा. मासा फसला तर आपण जिंकलो. या खोट्या किड्याला इंग्रजीत फ्लाय म्हणतात, म्हणून मी त्याला माशीच म्हणतो. माशी हाताने बांधायची असते. त्यासाठी आज एक छोटा व्हाइस मिळतो, आपल्या फिटिंग शॉपमधल्या व्हाइसचा धाकटा भाऊच म्हणा ना! नखाएवढ्या गळावर काम चालतं. आपल्याला फाइलिंगमध्ये काटकोन जमत नाही, तिथे हे लोक मिलिमीटरभर जागेत पंख उभे करतात.

या लोकांची एक मस्त पद्धत आहे. दहा-बारा जण ठरवतात आणि प्रत्येक जण आपली एकच माशी दहा-बारा वेळा बांधून एकाकडे पाठवतो. तो वाटणी करतो आणि प्रत्येकाला सगळ्यांची एकेक माशी परत जाते. म्हणजे एकाच प्रकारच्या बारा दिल्या आणि बारा प्रकारच्या मिळाल्या. सोबत चिठ्ठी असते. त्यात कोणी बांधली, कोणतं पीस, कोणता दोरा, किती नंबरचा गळ, सगळं लिहिलेलं. अशा देवाणघेवाणीतली सगळ्यात गाजलेली गोष्ट १८९० सालची आहे आणि ती गॉर्डनचीच आहे.

गॉर्डनचा जन्म १८५४ मध्ये अमेरिकेतल्या पिट्सबर्गचा. वडील तो तान्हा असतानाच गेले. आईने वाढवला. तब्येत पहिल्यापासून नाजूक, पुढे क्षयाने गाठलं. नोकऱ्या केल्या, पण त्या फारशा झेपल्या नाहीत. लग्न केलं नाही. लहानपणी त्याच्या हाती थॅडियस नॉरिस या लेखकाचं १८६४ सालचं मासेमारीवरचं जाडजूड पुस्तक लागलं. त्यावरून तो माशा बांधायला शिकला. क्लास नाही, सर नाहीत, फक्त पुस्तक आणि हात.

त्याचा मुलूख म्हणजे न्यूयॉर्कच्या उत्तरेकडचे कॅट्सकिल डोंगर. तिथल्या नद्यांत पूर्वी देशी ट्राउट भरपूर. पण चामडी कमावण्यासाठी लागणाऱ्या सालीपायी डोंगरावरची झाडं तुटली, नद्या तापल्या, गढूळल्या आणि देशी मासा कमी झाला. १८८३ मध्ये जर्मनीहून तपकिरी ट्राउटची अंडी अमेरिकेत आली आणि हा नवा पाहुणा त्या नद्यांत रुजला. हा मासा जास्त सावध. पाण्याच्या पृष्ठभागावर तरंगणारे किडे निवडून खाणारा. जुन्या भडक रंगाच्या, पाण्याखाली बुडणाऱ्या माशांना तो पूर्वीसारखा फसेना.

त्या काळी इंग्लंडमध्ये फ्रेडरिक हॅल्फर्ड नावाचा गृहस्थ तरंगणाऱ्या माशांचा मोठा जाणकार मानला जाई. १८८६ मध्ये त्याचं यावर पुस्तक आलं होतं. गॉर्डनने त्याला पत्र लिहिलं. ओळख ना पाळख, मध्ये अख्खा अटलांटिक महासागर! हॅल्फर्ड नामवंत, गॉर्डनला कोणी ओळखतही नव्हतं. आपण एखाद्या आयआयटीच्या प्राध्यापकांना मेल टाकतो आणि उत्तराची वाट बघत बसतो, तसला प्रकार. पण हॅल्फर्डने उत्तर दिलं. नुसतं उत्तर नाही, फेब्रुवारी १८९० मध्ये पत्रासोबत आपल्या तरंगणाऱ्या माशांचा संचच पाठवून दिला. वर्षानुवर्षांची मेहनत पाकिटात घालून अनोळखी माणसाला पोस्टाने पाठवायला मन मोठं लागतं.

आता खरी गंमत पुढे आहे. जी.टी. हा शब्द आपल्या हॉस्टेलवर कुणाला समजावून सांगायला नको. खाली ट्यूबलाइट, वर काच, काचेवर दुसऱ्याची शीट आणि तिच्यावर आपली कोरी शीट. गॉर्डनपुढेही अस्सल नमुने पडलेले होते. जसेच्या तसे बांधले असते तरी चाललं असतं. पण त्याने जी.टी. मारली नाही.

त्याने आधी पाणी बघितलं. हॅल्फर्डच्या नद्या दक्षिण इंग्लंडमधल्या, चुनखडीच्या खडकातल्या झऱ्यांवर वाहणाऱ्या. संथ, नितळ, आरशासारख्या. गॉर्डनच्या नद्या डोंगरातल्या, खडकांवर आपटत, फेसाळत जाणाऱ्या. इथे थोडं फिजिक्स. गळ पोलादाचा, म्हणजे पाण्याच्या जवळजवळ आठपट घनतेचा. तो तरंगायचं काहीच कारण नाही. तो तरंगतो कारण त्याच्याभोवती कोंबड्याच्या मानेवरचं पीस गोल गुंडाळलेलं असतं. पिसाचे बारीक ताठ तंतू पाण्यावर पसरतात, वजन अनेक टेकूंवर वाटलं जातं आणि सरफेस टेन्शन ते तोलून धरतं. पीस मऊ असेल तर खळाळत्या पाण्यात ते भिजतं, चिकटतं आणि माशी बुडते. म्हणून गॉर्डनने ताठ, चमकदार तंतूंची पिसं शोधली आणि ती विरळ गुंडाळली. पंखांसाठी वुड डक नावाच्या अमेरिकन बदकाच्या बगलेची पट्ट्यापट्ट्यांची पिसं घेतली.

मग त्याने किडे बघितले. इंग्लंडमधले किडे वेगळे, कॅट्सकिलमधले वेगळे. ओढ्याच्या तळाशी वाढून एके दिवशी पंख फुटून वर येणारे आणि मग जेमतेम एखाद-दोन दिवस जगणारे किडे तो पकडून निरखत बसे. कोणता किडा केव्हा उडतो, त्याचा रंग काय, आकार केवढा. त्यातूनच त्याची सर्वात प्रसिद्ध माशी जन्माला आली. तिचं नाव क्विल गॉर्डन. तिचं अंग कशाचं असतं माहितीये? मोरपिसाचं! पिसावरच्या एका तंतूची लव खरवडून काढायची, मग उरलेल्या काडीवर फिकट-गडद कडा दिसतात. ती गळावर गुंडाळली की किड्याच्या पोटावरची वळी तयार. आपल्या राष्ट्रीय पक्ष्याचं पीस अमेरिकन नदीत अमेरिकन किडा बनून तरंगतंय, हे वाचून मला भारी वाटलं.

इंडस्ट्रियल व्हिजिटला लांब कुठे जायला नको, याचं उदाहरण आपल्या दारातच आहे. तारापूरची पहिली दोन युनिट १९६९ मध्ये सुरू झाली, ती अमेरिकन बनावटीची. शेजारची तिसरी आणि चौथी युनिट २००५-०६ मध्ये आली, प्रत्येकी ५४० मेगावॅटची. त्यांचं डिझाइन इथलं. कॅनडाकडून आलेल्या जुन्या नमुन्यात आपल्या इंजिनिअरांनी वर्षानुवर्षं बदल करत ते इथपर्यंत आणलं. नमुना बाहेरून आला यात कमीपणा काही नाही. आपलं पाणी बघून तो बदलला की नाही, प्रश्न एवढाच.

गॉर्डनने लिहिलंही भरपूर. लंडनच्या फिशिंग गॅझेटमध्ये आणि अमेरिकेच्या फॉरेस्ट अँड स्ट्रीममध्ये त्याची टिपणं येत. इंग्लंडमधल्या जी. ई. एम. स्क्यूज नावाच्या वकिलाशी त्याचा वर्षानुवर्षं पत्रव्यवहार होता. हा स्क्यूज पाण्याखालच्या माशीचा पुरस्कर्ता, म्हणजे हॅल्फर्डच्या विरुद्ध गटातला. गॉर्डनचं दोघांशीही जमलं. तो तरंगणारी माशी वापरी आणि बुडणारीही. ज्या दिवशी जी चालेल ती. लॅबमध्ये रीडिंग मनासारखं येत नाही म्हणून ते बदलणाऱ्यांनी हा गुण जरूर घ्यावा.

पण सगळं छान-छान लिहून मोकळं व्हायला हा काही सत्काराचा लेख नाही. गॉर्डनची एक गोष्ट मला खटकते. लेखातून आणि पत्रांतून एवढं सांगणारा हा माणूस प्रत्यक्ष माशी बांधताना कुणाला बघू देत नसे, असं त्याच्या ओळखीचे लोक सांगत. कोणी आलं की हात थांबत. शेवटच्या काळात तो माशा विकूनच पोट भरत होता, हे खरं. एकटा, आजारी, भाड्याच्या घरात राहणारा. पोटापाण्याचं गुपित कोण उघडं करेल? हे मला समजतं. तरी ज्याला पहिला संच फुकट आणि न मागता मिळाला, त्याने आपले हात झाकावेत, हे मनाला पटत नाही.

नशीब एवढंच की एकाला त्याने शिकवलं. जवळच्या लिबर्टी गावातल्या पोस्टात रॉय स्टीनरॉड नावाचा तरुण कामाला होता. पत्रं-पाकिटं पाठवायला येणाऱ्या या गिऱ्हाइकाशी त्याची दोस्ती जमली आणि गॉर्डनने त्याला आपली विद्या दिली. १ मे १९१५ रोजी, वयाच्या साठाव्या वर्षी गॉर्डन क्षयाने गेला. पुढच्याच वर्षी स्टीनरॉडने स्वतःची माशी बांधली, हेन्ड्रिक्सन. तीही गॉर्डनच्या माशीची जी.टी. नव्हती. नदीवर दिसलेला वेगळा किडा बघून बांधलेली होती. पुढे स्टीनरॉडने ही कला अनेक मुलांना शिकवली. गॉर्डनची पत्रं आणि टिपणं १९४७ मध्ये जॉन मॅकडोनाल्डने पुस्तकरूपात आणली.

गॉर्डन शेवटी जिथे राहिला ती नदी नेव्हरसिंक. इंग्रजीत शब्दशः वाचलं तर कधीच न बुडणारी! न्यूयॉर्क शहराला पाणी हवं म्हणून तिच्यावर धरण झालं, १९५३ मध्ये काम पुरं झालं आणि नेव्हरसिंक नावाचं गावच जलाशयात बुडालं. हे वाचताना मला आपली सूर्या नदी आठवली. धामणी धरणाचं पाणी वसई-विरारकडे जातं, धरणासाठी इथली माणसं उठली. तारापूरच्या तिसऱ्या-चौथ्या युनिटसाठी अक्करपट्टी आणि पोफरण उठली. गाव उठतं तेव्हा नुसती घरं जात नाहीत. कोणत्या वळणावर कोणता मासा, कोणत्या भरतीला कोणतं जाळं, हे ज्या जागेवर माहीत असतं ती जागाच जाते. मग ती माहिती कुणाच्या तरी हातात असेल तरच उरते. गॉर्डनची नदी बदलली, पण माशी राहिली. एका पोस्टातल्या पोराला ती बांधता येत होती म्हणून!

मित्रांनो, आपल्या हॉस्टेलवर दर वर्षी एक बॅच बॅगा भरते आणि बोईसर किंवा पालघर स्टेशन गाठते. तिच्याबरोबर चार वर्षांचं कितीतरी जातं. कोणतं सर्किट का जळलं, कोणता कोड कुठे अडकला, तारापूर एमआयडीसीत पार्ट कुठे बनवून मिळतो. ब्लॅक बुकात हे काहीच नसतं, त्यात सगळे प्रोजेक्ट पहिल्याच फटक्यात चाललेले असतात! टॉपर मंडळी नोट्स उशाखाली ठेवून झोपतात ते वेगळंच.

फायनल इयरच्या दादा-ताईंना म्हणून एक विनंती आहे. जाताना प्रोजेक्टसोबत एक चिठ्ठी ठेवून जा. काय वापरलं, कुठे फसलं, पुढच्याने काय बदलून बघावं. आणि ज्युनिअर मित्रांनो, ती चिठ्ठी मिळाली तर काच आणि ट्यूबलाइट शोधू नका. आधी आपलं पाणी बघा, मग दोरा हातात घ्या.