समजून घ्या : क्लोरोफॉर्म आधी स्वतःवर आजमावणारे डॉ. सिम्प्सन कोण होते?

चित्रपटात रुमाल नाकाशी नेताच माणूस कोसळतो. प्रत्यक्षात क्लोरोफॉर्मने शुद्ध हरपायला काही मिनिटे लागतात. हे रसायन शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत नेले स्कॉटलंडच्या जेम्स यंग सिम्प्सन यांनी.

बेकरीवाल्याचा मुलगा
सिम्प्सन यांचा जन्म १८११ मध्ये बाथगेट येथे झाला. चौदाव्या वर्षी ते एडिनबरा विद्यापीठात दाखल झाले आणि १८४० मध्ये तिथेच प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक झाले. जानेवारी १८४७ मध्ये त्यांनी प्रसूतीसाठी ईथर वापरले. पण त्याचा उग्र वास आणि ज्वलनशीलता त्यांना खटकत होती. पर्याय म्हणून डेव्हिड वॉल्डी या रसायनतज्ज्ञाने क्लोरोफॉर्म सुचवले. ४ नोव्हेंबर १८४७ च्या रात्री सिम्प्सन आणि दोन सहकाऱ्यांनी घरीच ते हुंगले आणि तिघेही बेशुद्ध पडले. काही दिवसांतच ते रुग्णांसाठी वापरात आले.

क्लोरोफॉर्म म्हणजे काय?
एक कार्बन, एक हायड्रोजन आणि तीन क्लोरीन अणू. गोडसर वासाचा, पाण्यापेक्षा सुमारे दीडपट जड असा हा द्रव ६१ अंश सेल्सिअसला उकळतो आणि सहजासहजी पेट घेत नाही.

तेव्हा ते कसे बनवत?
ब्लिचिंग पावडर, पाणी आणि अल्कोहोल एकत्र तापवून. पावडरमुळे अल्कोहोलचे आधी अ‍ॅसिटाल्डिहाइड, मग क्लोरल बनते. चुना क्लोरलचे विघटन करतो आणि क्लोरोफॉर्मची वाफ थंड करून गोळा केली जाते.

वाद कशावरून झाला?
प्रसूतिवेदना कमी करण्यावर धार्मिक आक्षेप आले. सिम्प्सन यांनी पुस्तिका लिहून त्यांना उत्तर दिले. १८५३ मध्ये राणी व्हिक्टोरियाने प्रसूतीवेळी क्लोरोफॉर्म घेतल्यावर त्याला प्रतिष्ठा मिळाली. मात्र जानेवारी १८४८ मध्येच पायाच्या नखाच्या किरकोळ शस्त्रक्रियेत हॅना ग्रीनर ही १५ वर्षांची मुलगी दगावली होती. सिम्प्सन यांनी तिला पाजलेल्या पाणी-ब्रँडीला दोष दिला. पुढे असे मृत्यू होतच राहिले. क्लोरोफॉर्म हृदयाची लय बिघडवू शकते, यकृतालाही इजा करते.

आज काय?
सिम्प्सन १८७० मध्ये वारले. सुरक्षित औषधे आल्यावर भुलीसाठी क्लोरोफॉर्म मागे पडले. आता ते मुख्यतः द्रावक आणि कच्चा माल म्हणून वापरतात. हवा आणि प्रकाशामुळे त्यापासून विषारी फॉस्जिन तयार होतो. म्हणूनच प्रयोगशाळेत त्याची बाटली गडद रंगाची आणि घट्ट बुचाची असते.