सर मिल्टन मारगाई: सुईणींना शिकवणारे डॉक्टर आणि सिएरा लिओनचे पहिले पंतप्रधान



आफ्रिका खंड शिकवताना आपण सहारा, नाईल, हिऱ्यांच्या खाणी आणि फार तर नेल्सन मंडेला एवढ्यावर थांबतो. पश्चिम किनाऱ्यावरचे छोटे छोटे देश मुलं नकाशात रंगवतात आणि विसरून जातात. त्यांतलाच एक सिएरा लिओन. राजधानी फ्रीटाऊन. या देशाचे पहिले पंतप्रधान डॉ. मिल्टन मारगाई हे पेशाने डॉक्टर. बावीस वर्षं त्यांनी सरकारी दवाखान्यांत नोकरी केली, चौपन्नाव्या वर्षी निवृत्त झाले आणि मग पूर्णवेळ राजकारणात उतरले. आपल्याकडे त्यांचं नाव फारसं कुणी घेत नाही, म्हणून आज त्यांच्याविषयी.

आधी थोडा इतिहास सांगावा लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही. सिएरा लिओनचे तेव्हा दोन भाग होते. किनाऱ्यावर फ्रीटाऊन आणि आजूबाजूचा लहानसा टापू, ही ब्रिटिशांची वसाहत. गुलामीतून सुटलेल्या लोकांना इथे आणून वसवलं होतं, त्यांच्या वंशजांना क्रिओ म्हणतात. ते इंग्रजी शिकलेले, ख्रिस्ती, वकील, पाद्री, डॉक्टर झालेले. १८२७ साली सुरू झालेलं फुरा बे कॉलेज त्यांच्याच शहरात. दुसरा भाग म्हणजे आतला प्रचंड मुलूख. तिथे मेंडे, टेमने आणि इतर समाज आपापल्या प्रमुखांच्या अमलाखाली राहत. हा मुलूख ब्रिटिशांनी १८९६ साली संरक्षित प्रदेश म्हणून जाहीर केला. आपल्याकडे एकीकडे मुंबई इलाखा आणि दुसरीकडे संस्थानं होती, साधारण तसंच समजा. किनाऱ्यावरचे लोक आतल्यांना मागासलेले मानत, आणि आतले लोक किनाऱ्यावरच्यांना परके.

मिल्टन यांचा जन्म ७ डिसेंबर १८९५ चा, आतल्या मुलखातल्या ग्बांगबाटोके गावचा. म्हणजे इंग्रजांनी त्यांचा मुलूख ताब्यात घेतला तेव्हा ते वर्षाचेही नव्हते. ते दोन वर्षांचे असताना, १८९८ साली, सरकारने घरांवर बसवलेल्या पट्टीविरुद्ध मोठा उठाव झाला आणि तो मोडून काढण्यात आला. घराणं मेंडे, आजोबा समाजाचे प्रमुख, वडील बोंथे बंदरातले सधन व्यापारी. त्यामुळे शिकायची सोय होती. बोंथेची मिशनरी शाळा, फ्रीटाऊनची अल्बर्ट अकॅडमी आणि मग फुरा बे कॉलेज असा प्रवास झाला. १९२१ साली ते इतिहास घेऊन बी. ए. झाले. आतल्या मुलखातून त्या कॉलेजचे पदवीधर होणारे ते पहिलेच.

हे कॉलेज इंग्लंडच्या डरहॅम विद्यापीठाला जोडलेलं होतं. मिल्टन तिकडे गेले आणि १९२६ साली डॉक्टर झाले. इथेही आतल्या मुलखातले पहिले. पुढे सरकारी वैद्यकीय नोकरीत लागले. आता बघा, त्या काळात पश्चिम आफ्रिकेच्या सरकारी वैद्यकीय सेवेतल्या वरच्या जागा गोऱ्यांसाठी राखीव होत्या. १९०२ सालीच तसा नियम झाला होता. आफ्रिकी डॉक्टर इंग्लंडमध्ये शिकून आला तरी त्याला वेगळ्या, खालच्या श्रेणीत घेत, पगारही कमी. आपल्यापेक्षा नवख्या गोऱ्या डॉक्टरचं ऐकायचं. मारगाईंनी ही नोकरी १९५० पर्यंत केली. या जिल्ह्यातून त्या जिल्ह्यात बदल्या होत गेल्या, आणि आतला बहुतेक सगळा मुलूख त्यांच्या पायाखालून गेला. बदल्यांना कंटाळणाऱ्या आपल्या शिक्षकांना हे वाचून गंमत वाटेल, पण पुढे मतं मागायला निघाले तेव्हा गावोगावचे लोक त्यांना आपला डॉक्टर म्हणून ओळखत होते.

मला स्वतःला या चरित्रातला सर्वांत मोलाचा वाटतो तो भाग आता येतो.

खेड्यापाड्यांत बाळंतपणं सुईणी करत. स्वच्छतेची माहिती नसली की बाळंतिणीला जंतुसंसर्ग होतो, नाळ घाणेरड्या पात्याने कापली की बाळाला धनुर्वात होतो. हे जगात सगळीकडे तसंच. डॉक्टरने सांगायला जावं, तर तो पुरुष. मेंडे समाजात सांदे नावाची स्त्रियांची एक जुनी गुप्त संस्था आहे. मुली वयात आल्या की त्यांना काही काळ रानातल्या बंदिस्त जागेत नेतात. तिथे त्यांना घरकाम, रीतिरिवाज, नाच-गाणी, संसार आणि मुलांचं संगोपन शिकवतात. शिकवणाऱ्या थोर बायका तिथल्या सर्वेसर्वा, आणि सुईणपणाची विद्याही त्यांच्याच हातात. पुरुषाला आत पाऊल टाकायची मुभा नाही. मिशनरी मंडळींना ही संस्था म्हणजे अंधश्रद्धेचं घर वाटे.

मारगाईंनी वेगळा विचार केला. जिथे मुली आधीच शिकायला जातात तीच शाळा वापरायची. त्यांनी सांदेच्या प्रमुख बायकांशी बोलणी केली, त्यांचा मान राखला, आणि सुईणपण, स्वच्छता, साक्षरता या गोष्टी त्यांच्याच शिक्षणात घालायला त्यांना राजी केलं. १९४८ साली त्यांनी सुईणींसाठी मेंडे भाषेत एक पुस्तक लिहिलं. प्रश्न आणि उत्तर अशी त्याची मांडणी. ज्या बाईला वाचता येत नाही तिलाही दुसरीने प्रश्न विचारला की उत्तर पाठ होतं. त्याच वर्षी गुप्त संस्थेतून लोककल्याणाचं काम कसं करता येतं यावर त्यांचा इंग्रजी लेखही प्रसिद्ध झाला. इंग्रजीत डॉक्टर झालेला माणूस आपलं ज्ञान मायबोलीत आणतो, आणि तेही सुईणींसाठी! मातृभाषेतून विज्ञान शिकवता येतं का यावर वाद घालताना हे उदाहरण जवळ ठेवण्यासारखं आहे.

मात्र गोष्ट सांगताना एक लपवू नये. सांदेच्या दीक्षाविधीत मुलींची सुंताही होते. आज त्या प्रथेविरुद्ध तिथल्याच स्त्रिया आणि जगभरचे डॉक्टर बोलतात, आणि ते योग्यच आहे. मारगाई संस्था मोडायला निघाले नव्हते, ते तिच्या आत शिरून सुधारणा करत होते. या वाटेने काम लवकर पुढे जातं आणि बरंचसं जुनं तसंच राहतं. त्यांच्या राजकारणातही नेमकं हेच दिसतं.

नोकरीत असतानाच ते सार्वजनिक कामात होते. १९४६ साली आतल्या मुलखासाठी सल्लागार सभा स्थापन झाली, तिच्यात ते होते. १९४९ साली त्यांनी बो शहरातून एक वर्तमानपत्र सुरू केलं. तेव्हा नव्या राज्यघटनेवरून मोठा वाद पेटला होता. विधिमंडळात लोकसंख्येप्रमाणे जागा द्यायच्या तर आतल्या मुलखाचं बहुमत होणार. क्रिओ पुढाऱ्यांना ते मान्य नव्हतं. त्यांचे नेते डॉ. हर्बर्ट बँकोले-ब्राइट. म्हणजे दोन्ही बाजूंना डॉक्टरच! बँकोले-ब्राइट फर्डे वक्ते. मारगाई हळू बोलणारे, साधे कपडे घालणारे, घाई न करणारे.

१९५१ साली तीन संघटना एकत्र येऊन सिएरा लिओन पीपल्स पार्टी स्थापन झाली आणि मारगाई तिचे नेते झाले. फ्रीटाऊनचे काही समजूतदार क्रिओही त्यांच्यासोबत आले. विधिमंडळात आतल्या मुलखाचे सदस्य त्यांच्या पाठीशी उभे राहिले आणि सरकारात त्यांचा पक्ष गेला. १९५३ मध्ये ते मंत्री झाले, १९५४ मध्ये मुख्यमंत्री. १९५७ च्या निवडणुकीत बँकोले-ब्राइटांच्या पक्षाला एकही जागा मिळाली नाही.

पण हे यश उभं होतं ते गावोगावच्या प्रमुखांच्या खांद्यावर. प्रमुखाने सांगायचं आणि गावाने मत द्यायचं. १९५५ च्या अखेरीस उत्तरेकडच्या शेतकऱ्यांनी याच प्रमुखांविरुद्ध बंड केलं. जादा कर, फुकट राबवून घेणं, मनमानी दंड यांना लोक विटले होते. चौकशी आयोग नेमला गेला, त्याने प्रमुखांवर ठपका ठेवला, काहींची पदं गेली. मारगाईंनी मात्र प्रमुखांची साथ सोडली नाही. माझ्या मते इथे ते चुकले. सांदेच्या बायकांना सोबत घेणं आणि पिळवणूक करणाऱ्या प्रमुखांना सोबत ठेवणं यात फरक होता.

पक्षातली तरुण मंडळी अस्वस्थ होती. त्यांत पुढे कोण? त्यांचा धाकटा भाऊ अल्बर्ट, देशाच्या आतल्या मुलखातला पहिला वकील. १९५७ साली पक्षनेतेपदासाठी मतदान झालं आणि अल्बर्टने थोरल्या भावाला एका मताने हरवलं! मग समजूत काढली गेली आणि मिल्टनच नेते राहिले. पुढच्याच वर्षी अल्बर्ट आणि कामगार नेते सियाका स्टीव्हन्स यांनी वेगळा पक्ष काढला. मिल्टन यांनी भावाशी वैर धरलं नाही. १९५९ साली त्यांना सर ही पदवी मिळाली. १९६० मध्ये लंडनला स्वातंत्र्याच्या वाटाघाटी झाल्या तेव्हा सगळ्या पक्षांना एकत्र घेऊनच ते गेले, अल्बर्टलाही. करारावर सही केली नाही ती फक्त स्टीव्हन्स यांनी. स्वातंत्र्याआधी निवडणूक व्हावी अशी त्यांची मागणी होती.

२७ एप्रिल १९६१ रोजी सिएरा लिओन स्वतंत्र झाला. पासष्ट वर्षांचे डॉक्टर पंतप्रधान झाले. त्या दिवशी स्टीव्हन्स आणि त्यांचे काही साथीदार तुरुंगात होते, गडबड होईल या भीतीने आणीबाणी लावून त्यांना आत टाकलं होतं. हेही मुलांना सांगायला हवं. मात्र वर्षभरात, मे १९६२ मध्ये, खरीखुरी निवडणूक झाली. स्टीव्हन्स यांच्या नव्या पक्षाने चांगल्या जागा मिळवल्या आणि ते विरोधी बाकांवर बसले. घानात आणि शेजारच्या गिनीत तेव्हा विरोधकांची तोंडं बंद होत होती, सिएरा लिओनमध्ये ती उघडी होती.

२८ एप्रिल १९६४ रोजी, स्वातंत्र्यदिनाच्या दुसऱ्याच दिवशी, पंतप्रधानपदावर असतानाच डॉ. मारगाई वारले. वय अडुसष्ट. त्यांच्या जागी आले अल्बर्ट. त्यांनी एकपक्षीय राज्याचा घाट घातला, लोक बिथरले, आणि १९६७ च्या निवडणुकीत पक्षाची सत्ता गेली. स्टीव्हन्स यांनी शपथ घेतली न घेतली तोच लष्कराने राज्य ताब्यात घेतलं.

फ्रीटाऊनजवळ गोडरिच इथे मारगाईंच्या नावाची एक संस्था आहे. तिची सुरुवात झाली ती शिक्षक तयार करणारं कॉलेज म्हणून. शहरात त्यांच्या नावाची अंध मुलांची शाळाही आहे. नकाशात देश दाखवून झाला की मुलांना या दोन जागांची नावं जरूर सांगा.