ओ. जी. एस. क्रॉफर्ड

ऑस्बर्ट गाय स्टॅनहोप क्रॉफर्ड (२८ ऑक्टोबर १८८६, मुंबई – २८ नोव्हेंबर १९५७, नर्सलिंग, हॅम्पशायर) हे ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ, भूगोलाचे अभ्यासक आणि संपादक होते. हवाई छायाचित्रांच्या साहाय्याने प्राचीन अवशेषांचा शोध घेणाऱ्या शास्त्राचे ते एक प्रमुख प्रवर्तक मानले जातात. पहिल्या महायुद्धात त्यांनी लष्करासाठी नकाशे व छायाचित्रे तयार केली आणि विमानातून शत्रूच्या प्रदेशाचे निरीक्षण केले. युद्धानंतर हेच कौशल्य त्यांनी ब्रिटनचा प्रागैतिहासिक भूतकाळ वाचण्यासाठी वापरले. ब्रिटनच्या ऑर्डनन्स सर्व्हे या शासकीय नकाशा खात्याचे ते पहिले पुरातत्त्व अधिकारी आणि 'अँटिक्विटी' या त्रैमासिकाचे संस्थापक संपादक होते.

बालपण

क्रॉफर्ड यांचा जन्म मुंबईतील ब्रीच कँडी येथे झाला. त्यांचे वडील चार्ल्स हे भारतातील ब्रिटिश प्रशासनात असून ठाणे येथे न्यायाधीश होते. जन्मानंतर थोड्याच दिवसांत आईचे निधन झाले. तीन महिन्यांच्या या बाळाला बोटीने इंग्लंडला पाठविण्यात आले आणि दोन अविवाहित आत्यांनी त्याचा सांभाळ केला. मुलगा सात वर्षांचा असताना वडीलही वारले. (मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटचे नाव मात्र महापालिका आयुक्त आर्थर क्रॉफर्ड यांच्यावरून पडले आहे.)

शिक्षण

मार्लबरो कॉलेज या निवासी शाळेत त्यांचे मन रमले नाही; पण तेथील निसर्गेतिहास मंडळाच्या सहलींतून त्यांना स्टोनहेंज, एव्हबरी अशा प्राचीन स्थळांची ओढ लागली. १९०५ मध्ये ते ऑक्सफर्डच्या केबल कॉलेजात दाखल झाले. आरंभी त्यांनी अभिजात भाषांचा अभ्यासक्रम निवडला होता. पुढे तो सोडून ते भूगोलाकडे वळले आणि १९१० मध्ये त्यांनी त्या विषयाची पदविका विशेष प्रावीण्यासह मिळविली. हा निर्णय त्या काळी चमत्कारिक वाटणारा होता. परंतु वस्तू कोठे सापडते यालाही ती वस्तू काय आहे याइतकेच महत्त्व आहे, ही दृष्टी त्यांना भूगोलानेच दिली. ब्रिटनमधील कांस्ययुगीन कुऱ्हाडी आणि मृत्पात्रे कोठे कोठे सापडली, हे नकाशावर मांडून त्यांनी १९१२ मध्ये शोधनिबंध प्रसिद्ध केला.

१९१३ मध्ये ते ईस्टर बेटाच्या मोहिमेबरोबर निघाले. पण मोहिमेच्या प्रमुखांशी मतभेद झाल्याने वाटेतच केप व्हर्द येथे उतरले. त्यानंतर उद्योगपती हेन्री वेलकम यांच्या वतीने त्यांनी सुदानमधील अबू गेली येथे उत्खनन केले. तेथून ते परतले, तोच महायुद्ध सुरू झाले.

पहिले महायुद्ध

क्रॉफर्ड प्रथम पायदळात भरती झाले आणि फ्रान्समधील खंदकांत लढले. आजारपणामुळे त्यांना मायदेशी परतावे लागले. जुलै १९१५ पासून ते तिसऱ्या सेनेच्या नकाशा विभागात काम करू लागले. आघाडीवर जाऊन छायाचित्रे काढणे, शत्रूचे खंदक व तोफांच्या जागा नकाशावर अचूक उतरविणे, असे त्यांच्या कामाचे स्वरूप होते.

जानेवारी १९१७ मध्ये ते रॉयल फ्लाइंग कोअर या हवाई दलात निरीक्षक झाले. पहिल्याच उड्डाणात त्यांच्या उजव्या पायाला गोळी लागली. बरे होऊन ते पुन्हा आघाडीवर गेले. फेब्रुवारी १९१८ मध्ये त्यांचे विमान पाडले गेले आणि ते जर्मनांच्या हाती सापडले. लान्ड्सहूट येथील कैदेतून इझार नदी पोहून निसटण्याचा त्यांचा प्रयत्न फसला. तेव्हा त्यांना होल्झमिंडेनच्या छावणीत हलविण्यात आले. तेथेच त्यांनी 'मॅन अँड हिज पास्ट' हा ग्रंथ लिहावयास घेतला. तो १९२१ मध्ये प्रसिद्ध झाला.

ऑर्डनन्स सर्व्हेतील नियुक्ती

युद्धातून परतलेल्या क्रॉफर्ड यांच्यापाशी नोकरी नव्हती, पण दोन विद्या होत्या: भूगोलाची आणि उंचावरून भूमी वाचण्याची. ऑर्डनन्स सर्व्हेचे प्रमुख चार्ल्स क्लोज यांनी १९२० मध्ये साउदॅम्प्टन येथील कार्यालयात पुरातत्त्व अधिकारी हे नवे पद निर्माण करून त्यावर त्यांची नेमणूक केली. प्राचीन स्थळांविषयी नकाशांवर असलेली माहिती तपासून दुरुस्त करणे हे त्यांचे काम होते. ते बहुधा सायकलवरून अथवा पायी गावोगाव हिंडत, स्थानिक अभ्यासकांना विचारीत आणि प्रत्येक स्थळाची नोंद नकाशावर करीत. याच श्रमांतून १९२४ मध्ये रोमन ब्रिटनचा नकाशा सिद्ध झाला.

हवाई छायाचित्रे

आकाशातून प्राचीन स्थळांची छायाचित्रे काढण्याची कल्पना नवी नव्हती. १९०६ मध्ये एका लष्करी फुग्यातून स्टोनहेंजचे छायाचित्र घेतले गेले होते. महायुद्धाच्या काळात मेसोपोटेमियात बीझली या अभियंता अधिकाऱ्याला समारा येथील प्राचीन नगराची आखणी हवाई छायाचित्रांत दिसली होती. या विखुरलेल्या निरीक्षणांना पद्धतीचे रूप देण्याचे काम क्रॉफर्ड यांनी केले.

त्याची सुरुवात हवाई दलाच्या छायाचित्रांपासूनच झाली. वैमानिकांच्या सरावासाठी हॅम्पशायर परिसरावर घेतलेल्या काही छायाचित्रांत हवाई दलाचे अधिकारी क्लार्क-हॉल यांना विचित्र रेषा दिसल्या. ती छायाचित्रे पाहताच क्रॉफर्ड यांनी ओळखले, की हे रोमपूर्व काळातील शेतांचे बांध आहेत. जमिनीवर चालणाऱ्याला जी किरकोळ उंचवटी वाटत, त्यांचे मैलोगणती पसरलेले जाळे वरून एका दृष्टिक्षेपात दिसत होते. १९२३ मध्ये त्यांनी हा शोध लंडनच्या रॉयल जिओग्राफिकल सोसायटीपुढे मांडला.

त्याच वर्षी त्यांनी स्टोनहेंजकडे जाणाऱ्या प्राचीन मार्गाचा, म्हणजे 'ॲव्हेन्यू'चा, हरवलेला भाग शोधला. शतकानुशतकांच्या नांगरटीने हा भाग सपाट झाला होता. हवाई दलाने १९२१ मध्ये घेतलेल्या छायाचित्रांत मात्र त्याच्या दोन समांतर रेषा एव्हन नदीच्या दिशेने जाताना दिसत होत्या. ती छायाचित्रे तोवर दप्तरात पडून होती. सप्टेंबर १९२३ मध्ये क्रॉफर्ड यांनी सहकाऱ्यासह तेथे खणून पाहिले, तेव्हा मार्गाच्या कडेचे बुजलेले चर सापडले. छायाचित्रावरून बांधलेले अनुमान कुदळीने खरे ठरविले.

अशा खुणा का दिसतात, याचे विवेचन क्रॉफर्ड यांनी केले. बुजलेल्या चरावरील मातीचा थर खोल असतो व त्यात ओलावा अधिक टिकतो. म्हणून त्यावरील पीक उंच व गडद वाढते. गाडलेल्या भिंतीवर मातीचा थर पातळ असल्याने पीक खुरटते आणि लवकर पिवळे पडते. खडूच्या पांढऱ्या जमिनीत नांगर फिरला, की जुन्या चरांतील काळसर माती उठून दिसते. सूर्य क्षितिजाजवळ असताना अगदी थोडका उंचवटाही लांब सावली टाकतो. एकदा उकरलेली भूमी पूर्ववत होत नाही, या तत्त्वावरच युद्धातील छायाचित्रवाचन चालत असे. फक्त तेथील खंदक काही दिवसांपूर्वीचे असत, येथील काही सहस्रकांपूर्वीचे. गालिच्यावर बसलेल्या मांजराला त्यावरील नक्षी कळत नाही, उभ्या माणसाला ती सहज दिसते, असा दृष्टान्त ते देत असत.

१९२४ च्या उन्हाळ्यात पुरातत्त्वज्ञ व धनिक अलेक्झांडर कीलर यांच्या अर्थसाहाय्याने दोघांनी नैर्ऋत्य इंग्लंडचे हवाई सर्वेक्षण केले. त्यासाठी भाड्याने घेतलेले विमान युद्धकालीन बनावटीचे होते. या सर्वेक्षणावर आधारित 'वेसेक्स फ्रॉम दि एअर' हा ग्रंथ १९२८ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे मध्यपूर्वेतील हवाई तळांना भेटी देऊन, तेथे साठलेली जुनी लष्करी छायाचित्रे त्यांनी पुरातत्त्वीय अभ्यासासाठी मिळविली.

अँटिक्विटी

१९२७ मध्ये क्रॉफर्ड यांनी 'अँटिक्विटी' हे त्रैमासिक सुरू केले. तज्ज्ञांचे संशोधन सामान्य वाचकाला समजेल अशा भाषेत मांडणे हा त्याचा हेतू होता. गॉर्डन चाइल्ड, पुढे भारतीय पुरातत्त्व खात्याचे महासंचालक झालेले मॉर्टिमर व्हीलर आदी अभ्यासकांनी त्यात लेखन केले. क्रॉफर्ड यांनी तीस वर्षे, अखेरपर्यंत, त्याचे संपादन केले.

दुसरे महायुद्ध

१९३९ मध्ये सटन हू येथील प्रसिद्ध नौकासमाधीच्या उत्खननाची छायाचित्रे क्रॉफर्ड यांनी घेतली. युद्ध जवळ येत असताना कार्यालयातील संग्रह सुरक्षित जागी हलविण्याचा आग्रह त्यांनी धरला होता. परंतु वरिष्ठांनी तो मनावर घेतला नाही. तेव्हा त्यांनी शक्य तितके साहित्य स्वतःच्या नर्सलिंग येथील घराच्या गॅरेजमध्ये नेऊन ठेवले. नोव्हेंबर १९४० मध्ये जर्मन विमानांनी केलेल्या बॉम्बवर्षावात साउदॅम्प्टनचे कार्यालय उद्ध्वस्त झाले आणि मागे राहिलेला मोठा संग्रह नष्ट झाला.

त्यानंतर त्यांनी साउदॅम्प्टनमधील जुन्या इमारतींची छायाचित्रे काढण्याचे काम हाती घेतले. युद्ध संपेपर्यंत त्यांनी सुमारे ५,००० छायाचित्रे काढली.

उत्तरायुष्य

१९४६ मध्ये ते सेवानिवृत्त झाले. १९३२ मध्ये सोव्हिएत संघाला भेट देऊन आल्यापासून ते समाजवादाचे उत्साही समर्थक होते. पण १९४० च्या दशकाच्या अखेरीस त्यांचा भ्रमनिरास झाला. १९५० मध्ये त्यांना सी. बी. ई. हा किताब मिळाला. 'आर्किऑलॉजी इन द फील्ड' (१९५३) आणि 'सेड अँड डन' हे आत्मचरित्र (१९५५) हे त्यांचे उत्तरकालीन ग्रंथ होत. ते अविवाहित होते. मांजरे पाळणे हा त्यांचा आवडता छंद होता. नर्सलिंग येथील राहत्या घरी झोपेतच त्यांचे निधन झाले.

वारसा

क्रॉफर्ड यांच्यानंतर 'अँटिक्विटी'चे संपादकपद ग्लिन डॅनियल यांच्याकडे आले. दुसऱ्या महायुद्धात डॅनियल हे भारतात हवाई दलाच्या छायाचित्रवाचन विभागाचे प्रमुख होते आणि युद्धानंतर केंब्रिजमध्ये पुरातत्त्वविद्येचे अध्यापन करू लागले होते. लष्करी छायाचित्रवाचनाकडून पुरातत्त्वाकडे जाणारी जी वाट क्रॉफर्ड यांनी एकट्याने पाडली, ती पुढच्या पिढीला रुळलेली मिळाली. आज उपग्रह आणि ड्रोन यांच्या साहाय्याने होणाऱ्या पुरातत्त्वीय सर्वेक्षणातही पिकांच्या, मातीच्या आणि सावलीच्या खुणांचे त्यांनी मांडलेले वाचन उपयोगी पडते.